वस्त्यांवरचा खर्च करदात्यांनी किती काळ सोसायचा?

करदाता, मुलुंड:
महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा आहे. मालमत्ता कर आम्ही भरायचा आणि दवाखाने, अंगणवाड्या वस्त्यांत उघडायच्या. सरकारी जमिनीवरच्या अनधिकृत झोपड्यांना सेवा पुरवून अतिक्रमणाला बळ का द्यायचे?

अंगणवाडी सेविका, गोवंडी:
आपले लिहिणे दोन दिवस मनातून गेले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देते. अंगणवाडी महापालिकेची नाही. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची आहे आणि तिचा पैसा केंद्र व राज्य सरकार देते. माझी अंगणवाडी दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत भरते. मध्यंतरी भाडे पाच महिने थकले, मालकाने कुलूप लावले आणि मी बंद दुकानाच्या ओट्यावर काटा मांडून मुलांची वजने घेतली. ज्या पोराचे वजन सलग दोन महिने तक्त्यावर हललेले नाही, त्याच्या आईला झोपडी अनधिकृत आहे म्हणून परत पाठवू का?

घाटकोपरचा रहिवासी:
मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तेव्हा इमारतीत राहणारा प्रत्येकजण तो भरतो असे नाही. वस्तीतली बाई साबणाची वडी घेते, तेव्हा जीएसटी मात्र भरते.

करदाता, मुलुंड:
माझे घर सहाशे वीस फुटांचे आहे आणि मी कर भरतो, त्यामुळे मला शिकवू नये. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर मागवावे लागतात आणि तिकडे जलवाहिन्या फोडून पाणी पळवले जाते. त्यावर कोणीच का बोलत नाही?

अंगणवाडी सेविका, गोवंडी:
मी बोलते. जलवाहिनी फोडणारा वेगळा आणि त्याच्याकडून कॅन विकत घेणाऱ्या आम्ही वेगळ्या. खिचडी शिजवून येते, पण मुलांचे हात धुवायला आणि ताटल्या विसळायला लागणारे पाणी मदतनीस बाई दोन गल्ल्यांपलीकडून कळशीने आणते. २००० सालानंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्यावे, कारण ते जगण्याच्या हक्कात येते, असे उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच महापालिकेला बजावले आहे. पैसे देऊन रीतसर जोडणी घ्यायला आमची ना नाही. ती मिळत नाही म्हणून कॅनवाल्याचे फावते.

घाटकोपरचा रहिवासी:
‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण २०२२ मध्ये आले, तरी आमच्या मागच्या टेकडीवरच्या बायका अजून हंडे घेऊनच चढतात.

करदाता, मुलुंड:
अतिक्रमणाबद्दलचे माझे मत बदललेले नाही. तथापि लहान मुले जिथे जेवतात तिथे नळ असावा, एवढे मान्य करतो. अंगणवाडीच्या नावाने अर्ज करा.

अंगणवाडी सेविका, गोवंडी:
केला होता. खोली भाड्याची असल्याने जागामालकाची संमती मागितली, आणि थकलेले भाडे मिळाल्याशिवाय तो सही करणार नाही.