बेमस्टर पोल्डरची गोल फेरी (नेदरलँड्स): सुरुवात कुठून, दिशा कोणती?

सपाटप्रेमी:
ऑक्टोबरमध्ये ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला बेमस्टर पोल्डरभोवतीच्या (पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन) बांधावरून पूर्ण फेरी मारायची आहे. नकाशावर साधारण ४० किमी दिसतात. रोड बाइक, २८ मिमी टायर (ट्यूबवाले), वजन ७२ किलो, सपाटीवर सरासरी ताशी २५ किमी. ट्रेनने पुर्मरेंडला उतरून सुरुवात. घड्याळाच्या दिशेने जावं की उलट? सायकलवाटांच्या चौकांवरच्या नंबरांच्या पाट्या बघत गेलं तर चालेल का? आतल्या गावांत शिरण्यासारखं काही आहे का?

उलटा_वारा:
चढ नाही म्हणून सोपं समजू नका, इथे वारा हाच घाट. ४ बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) म्हणजे ताशी २० ते २८ किमी. तुम्ही २५ ने जाताय आणि समोरून २० चा वारा आहे, तर हवेचा रोध सव्वातीन पट होतो. पाठीवरचा वारा ते सगळं परत देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात वेळ जास्त जातो.

तिथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून. पुर्मरेंड आग्नेय कोपऱ्यात आहे, म्हणून घड्याळाच्या दिशेने गेलात (नेक, स्पाइकरबोर, डे रैप, स्खर्मरहोर्न, आवनहोर्न, ओस्टहाउझन) तर पश्चिमेची झुंज ताज्या पायांनी उरकते आणि डे रैप ते आवनहोर्न वारा ढकलत नेतो. मेख शेवटी आहे. ओस्टहाउझनहून दक्षिणेला येताना तोच वारा उजव्या अंगाने तिरका लागतो. तिथे बांध सोडा आणि उजवीकडे खाली पोल्डरमधल्या रस्त्यांवर उतरा. तिथली जमीन समुद्रसपाटीच्या सुमारे साडेतीन मीटर खाली आहे आणि रस्त्यांना झाडांच्या रांगा आहेत, बराच आडोसा मिळतो. वारा पूर्वेचा असेल तर हे सगळं उलटं करा. आदल्या रात्रीचा अंदाज पाहूनच दिशा ठरवा.

आडव्या वाऱ्यात खोल रिमची (रुंद कडेची) चाकं नकोत. शेतघर किंवा झाडांची रांग संपते तिथे एकदम थप्पड बसते. तोपर्यंत सायकल सरळ धरलेली असते, म्हणून तोल जातो.

चिखलपुराण:
वारा परवडला, ऑक्टोबरमधला चिखल नाही. बटाटा आणि बीटची काढणी चालू असते, ट्रॅक्टरच्या चाकांतून समुद्री चिकणमातीची ढेकळं रस्त्यावर पडतात. कोरडी असताना फक्त खडखड. पाऊस पडला की साबण. त्या पट्ट्यावर ब्रेक लावू नका, वळू नका, सरळ आणि हलक्या गियरवर काढा. मडगार्ड असतील तर टायर आणि त्यांच्यात बोटभर जागा हवी, नाहीतर माती अडकून चाक जाम.

हवा: २८ मिमीला तुमच्या वजनासाठी पुढे ६५, मागे ७० पीएसआय. गावांतल्या विटांच्या रस्त्यावर, विशेषतः ओल्या, ५ कमी. याहून जास्त भरली तर विटांवर टायर उड्या मारतो आणि पकड सुटते.

नंबरांच्या हिरव्या-पांढऱ्या पाट्यांची व्यवस्था उत्तम आहे, पण ती निवांत फिरणाऱ्यांसाठी. त्या वाटा मध्येच शिंपल्यांच्या कुटाच्या किंवा फाटक असलेल्या पायवाटेवर नेतात. नंबर लांबच्या टापूत पुन्हा येतात, तेव्हा नुसता नंबर लक्षात ठेवून उपयोग नाही. जीपीएक्स फाइल (मार्गाची नोंद) हँडलबारवरच्या यंत्रात टाका, पाट्या फक्त खात्रीसाठी. फोन हातात धरून चालवणं १ जुलै २०१९ पासून सायकलवाल्यांनाही मना आहे.

बाकी नियम: निळी गोल पाटी दिसली की सायकलमार्ग सक्तीचा. 'फिट्सपाद' लिहिलेली आयताकृती पाटी असेल तर ऐच्छिक. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबायचं तुम्ही. कुठलीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, आणि या पोल्डरमध्ये चौक भरपूर.

सपाटप्रेमी:
चौक भरपूर म्हणजे? आणि गावांचं राहिलं.

चौकट१६१२:
कारण पोल्डर कागदावर आखून मग वसवलाय. पूर्वी इथे सरोवर होतं. १६१० मध्ये वादळात बांध फुटून काम पुन्हा करावं लागलं, आणि १६१२ मध्ये ४३ पवनचक्क्यांनी ते कोरडं झालं. शेतं १८० बाय ९०० मीटरची, पाच शेतं मिळून ९०० मीटरचा चौरस. म्हणून आतले रस्ते पट्टीने ओढल्यासारखे. १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

डे रैपमध्ये नक्की शिरा. ते बांधालगतच्या कालव्यापलीकडे, म्हणजे सरोवर असतानाच्या काठावरचं गाव. तिथलं १६३० चं नगरगृह लेघवाटर यांचं. पोल्डरच्या पवनचक्क्यांमागचा माणूस तोच, आणि गावही त्याचंच. पलीकडची जुनी जमीन पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची), ती खचत राहते, त्यामुळे तिथलं डांबर लाटालाटांचं.

वारा असह्य झाला तर डे रैपहून रैपरवेख रस्ता पकडा, तो सरळ पूर्वेला मिडनबेमस्टरला जातो. तिथून मिडनवेखने दक्षिणेला बांधावर परत, फेरी बरीच लहान होते. वाटेत चौकोनी पायावरच्या, पिरॅमिडसारख्या छपरांच्या 'स्टोल्प' शेतघरांकडे बघा. मधोमध गवत साठवायचं, भोवती माणसं आणि गुरं.

उलटा_वारा:
ट्रेनचं राहिलं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६:३० घडी न होणारी सायकल ट्रेनमध्ये चालत नाही. त्यातून सूट जुलै-ऑगस्टमध्ये, तुम्ही जाताय ऑक्टोबरमध्ये. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. शनिवारी गेलात तर वेळेची कटकटच नाही.