पुरानंतर वडिलांनी मातीला हात लावलेला नाही. कलेने मन खरोखर सावरते का?

प्रश्न (चिपळूण)

माझ्या वडिलांची चिपळुणात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचा कारखाना, होती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे आणि शिवनदीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा चतुर्थी दोन महिन्यांच्या आत आली होती आणि रंग न दिलेल्या शाडूच्या मूर्ती फळ्यांवर ओळीने मांडलेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर नुसता गाळ उरला. त्यात मूर्तींची माती कोणती आणि नदीची कोणती, हे ओळखू येत नव्हते. बाबांनी गिऱ्हाइकांनी मूर्तीसाठी दिलेले पाट धुऊन घरोघरी परत केले आणि त्यानंतर आजतागायत मातीला हात लावलेला नाही. पावसाची जोराची सर आली की ते रात्रभर जागे असतात. कलेने मन मोकळे होते, त्यांना पुन्हा कामाला बसवा, असे नातेवाईक सांगतात. परंतु ज्या कामातच दुःख रुतले आहे तेच काम औषध कसे ठरेल, आणि आम्ही आग्रह धरावा का?

उत्तर १ (रत्नागिरी, समुपदेशक)

आपली शंका रास्त आहे. कलोपचार ही कल्पना रूढ करणारे ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल स्वतः क्षयाचे रुग्ण होते. आरोग्यधामात पडून असताना ते चित्रे काढू लागले, पुढे इतर रुग्णांनाही त्यांनी त्यात ओढले आणि १९४२ मध्ये या पद्धतीला नाव दिले. २०१६ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाने ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती किंवा कागदकामात गुंतवले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले आणि त्यात कलेच्या पूर्वानुभवाने फरक पडला नाही. मात्र अभ्यास लहान होता, उरलेल्यांना तसा लाभ दिसला नाही, आणि आपत्तीतून गेलेल्या माणसांबद्दल त्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून आग्रह धरू नका. शिवाय इतकी वर्षे पावसाच्या आवाजाने झोप उडत असेल, तर त्यावर मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार हवेतच. माती त्यांच्या जोडीला असू शकते, त्यांच्या जागी नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

उत्तर २ (कुडाळ)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक गोष्ट त्यात राहून गेली असे वाटते, ती म्हणजे सोबत. आमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवतात. माझा धाकटा भाऊ गेला त्या वर्षी सुतकामुळे गणपती आणला नाही, आणि पुढच्या वर्षी भिंतीकडे बघायलाही कोणी तयार नव्हते. शेवटी काकीने चुना कालवला आणि कोणालाही काही न सांगता खालच्या कोपऱ्यात वेल काढायला सुरुवात केली. थोड्या वेळाने आई तिच्या शेजारी जाऊन बसली व पाने भरू लागली. भावाचे नाव त्या दुपारी कितीतरी दिवसांनी घरात घेतले गेले, तेही रडत नव्हे, तर त्याला हिरवा रंग नीट कालवता येत नसे म्हणून. समोरासमोर बसवून बोलते करण्याचे आमचे सगळे प्रयत्न फसले होते. हात कामात आणि नजर भिंतीवर असल्यावरच आई बोलू शकली. आपण स्वतः बाबांच्या नजरेसमोर काही करत बसलात, तर त्यांना बोलावण्याची गरज कदाचित पडणार नाही.

उत्तर ३ (मालवण, मूर्तिकार)

ताई, मी शाळा चालवतो, म्हणून तेवढ्यापुरतेच सांगतो. त्यांना एकदम गणपतीकडे नेऊ नका. गणपती म्हटला की चतुर्थीची मुदत आली, गिऱ्हाईक आले, आणि सगळ्यात अवघड म्हणजे डोळ्यांची रेखणी आली. तिथे हात कापला तर माणूस अधिकच खचतो. नागपंचमीचा नाग करून बघा. तो वीतभर असतो, त्याला साचा लागत नाही, एका बैठकीत होतो आणि बिघडला तर पुन्हा गोळा करता येतो. पूर ज्या मातीला घेऊन गेला ती माती आपल्या हाताखाली पुन्हा उभी राहते, हे बोटांना कळणे फार महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे. विक्रीचा विषय घरात कोणीही काढू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेते आहे. नाग मीच करायला बसेन. दादा, माती कशी तयार करायची, तेवढे सांगाल का?

उत्तर ३ (मालवण, मूर्तिकार)

शाडू चाळून घ्या, थोडे थोडे पाणी घालत कणकेसारखा घट्ट मळा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. फणा करताना माती फाटू लागली तर पाण्याचे बोट फिरवा. तरीही जमले नाही, तर बाबांना विचारा. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.