एकच युरो, पण कर्ज ज्याचं त्याचं: हे गणित नेमकं कसं चालतं?

कुतूहल_७:
युरो येण्याआधी इटली, स्पेन, ग्रीस यांचा माल महाग पडू लागला की चलनाचं अवमूल्यन करता यायचं. १९९९ नंतर (ग्रीससाठी २००१ पासून) ती वाट बंद झाली, इथपर्यंत समजतं. अडतं ते पुढे. कर्ज युरोत आणि कमाईही युरोतच, तरी त्याला परक्या चलनातलं कर्ज का म्हणतात? स्पर्धाक्षमता घटली म्हणजे मोजतात काय? आणि महाराष्ट्र नि बिहारही एकच रुपया वापरतात, तिथे असा पेच का पडत नाही? आकड्यांसह सांगितलंत तर बरं होईल.

रोखेबाजार:
पहिल्या प्रश्नासाठी स्पेन आणि ब्रिटन शेजारी ठेवून बघा. २०११ मध्ये ब्रिटनचं सरकारी कर्ज जीडीपीच्या प्रमाणात स्पेनपेक्षा जास्त होतं. तरीही त्या नोव्हेंबरात दहा वर्षांच्या रोख्यावर (सरकार कर्ज उभारायला विकतं तो कागद) स्पेनला सहा टक्क्यांच्या वर व्याज मोजावं लागत होतं, ब्रिटनला अडीच टक्क्यांच्या आत.

कारण असं. घाबरलेला गुंतवणूकदार ब्रिटिश रोखे विकतो तेव्हा त्याच्या हाती पौंड येतात. ते त्याला कोणाला तरी विकावे लागतात. पौंड घसरतो, पण पैसा ब्रिटनच्याच बँकांत राहतो, आणि वेळ आलीच तर बँक ऑफ इंग्लंड रोखे विकत घेते. स्पेनचे रोखे विकणाऱ्याच्या हाती युरो येतात आणि तो त्याच दिवशी जर्मन रोखे घेतो. पैसा देशाबाहेर गेला आणि विनिमय दर जागचा हललाही नाही. माद्रिदला, म्हणजे स्पेनच्या सरकारला, युरो छापता येत नाहीत, म्हणून हे परक्या चलनातल्या कर्जासारखं. युरोपीय मध्यवर्ती बँकेला सरकारांना थेट कर्ज द्यायला करारानेच मनाई आहे. म्हणजे जुने रोखे फेडायला नवे विकले गेले नाहीत, तर धडधाकट सरकारही अडकतं.

२६ जुलै २०१२ ला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्राघी यांनी युरो वाचवायला लागेल ते करू असं जाहीर केलं. सप्टेंबरात रोखे खरेदीची योजना आली. त्या योजनेखाली एकही रोखा घ्यावा लागला नाही, तरी व्याजदर उतरले. मागे कोणीतरी उभा आहे एवढी खात्रीच हवी होती.

आणि स्पेनने नियम मोडले होते असंही नाही. युरोचा पाया घालणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराची मर्यादा जीडीपीच्या प्रमाणात तूट ३ टक्के, कर्ज ६० टक्के. २००७ मध्ये स्पेनचं कर्ज ३६ टक्क्यांच्या आसपास होतं आणि अंदाजपत्रक शिलकी. कर्ज फुगलं होतं ते घरबांधणीत आणि बँकांत, आणि तिकडे या नियमांचं लक्षच नव्हतं.

ताळेबंद:
स्पर्धाक्षमतेसाठी मुख्यतः एकक श्रमखर्च बघतात, म्हणजे एक नग माल तयार करायला मजुरी किती पडते ते. समजा एका देशात मजुरी दरसाल ३.५ टक्के वाढते आणि उत्पादकता १ टक्का. खर्च दरवर्षी अडीच टक्क्यांनी चढतो. दुसऱ्या देशात दोन्ही दीड-दीड टक्का, म्हणजे खर्च तिथेच. दहा वर्षांत पहिल्याचा माल २८ टक्के महाग. युरोच्या पहिल्या दशकात जर्मनीने मजुरी रोखून धरली आणि दक्षिणेत स्वस्त व्याजावर मागणी वाढली, तेव्हा याच धाटणीची दरी पडली.

ही दरी बुजवायला महागाई शून्यावर ठेवली आणि जर्मनीत ती २ टक्के राहिली, तरी बारा वर्षांहून जास्त लागतात. घाई करायची तर मजुरी कापा. ग्रीसने फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं, महिना ७५१ युरोंवरून ५८६.

खरा घात इथे होतो. मजुरी आणि किमती उतरतात, कर्जाचा आकडा मात्र उतरत नाही. कर्ज १२०, जीडीपी १००, व्याज ५ टक्के धरा. व्याज सोडून जमा-खर्च सारखा. जीडीपी (चालू किमतींना) ४ टक्के वाढला तर वर्षअखेर १२६ भागिले १०४, म्हणजे १२१ टक्के. तोच ३ टक्के घटला तर १२६ भागिले ९७, म्हणजे जवळपास १३०. एक युरोही उधळला नाही आणि ओझं एका वर्षात जीडीपीच्या दहा टक्क्यांइतकं वाढलं! १२० वरच थांबायचं तर व्याजाआधी ९.६ ची शिल्लक काढावी लागेल, आणि तेवढी कपात केली की जीडीपी आणखी खाली.

ग्रीसचं हेच झालं. मार्च २०१२ मध्ये खासगी धनकोंच्या रोख्यांची दर्शनी किंमत ५३.५ टक्क्यांनी कापली, तरी २०१३ मध्ये कर्ज पुन्हा जीडीपीच्या १७५ टक्क्यांवर होतं. छेद, म्हणजे जीडीपी, घसरत होता. शिवाय कापलेले बरेच रोखे ग्रीक बँकांकडेच होते, त्यांना उभं करायला सरकारला नवं कर्ज काढावं लागलं.

दुसरी_बाजू:
सगळा दोष युरोवर नको. इटलीची उत्पादकता १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच थंडावली होती, आणि कर्ज तेव्हाच जीडीपीच्या वर गेलेलं होतं. उलट युरोमुळे व्याजाचा बोजा जीडीपीच्या सुमारे ११ टक्क्यांवरून दहा वर्षांत निम्म्यावर आला. ती बचत मुद्दल कमी करण्यात घातली असती तर २०११ इतकं अंगावर आलं नसतं.

कुतूहल_७:
@ताळेबंद, मग ग्रीसने द्राख्मा (त्यांचं जुनं चलन) परत आणला असता तर?

ताळेबंद:
२०१२ च्या आधी निदान कायद्याने वाट होती. बहुतेक रोखे ग्रीक कायद्याखाली होते. संसदेला ते द्राख्मात बदलता आले असते. मार्चच्या त्या कपातीत जुन्यांच्या बदल्यात दिलेले नवे रोखे इंग्लिश कायद्याखाली आले आणि उरलेलं बरंचसं कर्ज युरोपीय मदतनिधी नि सरकारांचं. आता द्राख्मा आणला तर कमाई द्राख्मात आणि देणं युरोत, म्हणजे चलन जितकं घसरेल तितकं कर्ज फुगणार.

रोखेबाजार:
रुपयाचं राहिलंच. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतला (राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या रकमेतला) ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. त्यात बिहारला १०.०५८ टक्के, महाराष्ट्राला ६.३१७. युरोपात एवढ्या प्रमाणात असं वाटप नाही. दुसरं, ठेवींचा विमा आपल्याकडे देशपातळीवर आहे, बँक बुडाली तर ती राज्य सरकारच्या गळ्यात पडत नाही. आयर्लंडमध्ये नेमकं तेच झालं. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने बँकांच्या देण्यांची हमी घेतली आणि २००७ मध्ये जीडीपीच्या २५ टक्क्यांच्या आसपास असलेलं कर्ज २०१२ पर्यंत १२० च्या घरात गेलं. बँकांचा कारभार युरोत, सीमेपलीकडे पसरलेला, आणि हमी मात्र एकट्या डब्लिनची.