आफ्टरशेव्ह स्प्लॅशमधील पोषक घटक खरोखर उपयोगी पडतात का?

प्रश्न: महागडा स्प्लॅश लावला की हनुवटीखाली, जिथे पाते उलटे फिरते, तिथे आधी झोंबते आणि तासाभरात कातडी ओढल्यासारखी होते. बाटलीवर कोरफड, पॅन्थेनॉल आणि ग्लिसरीन ठळक छापलेले असताना असे का व्हावे?

प्रतिसाद १: घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, मात्र १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून अल्कोहोल पहिले आणि कोरफड सुगंधाच्याही नंतर आली असेल, तर ती बहुधा नावापुरतीच समजावी. ग्लिसरीन त्वचेत पाणी धरून ठेवते आणि पॅन्थेनॉलचे त्वचेत ब-५ जीवनसत्त्वात रूपांतर होते; या दोहोंवर माझा भरवसा आहे, परंतु त्यांचे प्रमाण पुरेसे हवे.

प्रतिसाद २: मेन्थॉलच्या गारव्याला कृपया पोषण समजू नये, कारण ते केवळ थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते.

प्रश्नकर्ता: यादी आत्ताच वाचली. अल्कोहोल पहिले, पाणी दुसरे, सुगंध तिसरा आणि ग्लिसरीन अगदी शेवटून दुसरे आहे.

प्रतिसाद १: मग अल्कोहोलविरहित स्प्लॅश घ्यावा आणि चेहरा किंचित ओलसर असतानाच लावावा.