शब्दचर्चा: 'प्रोविंचाले' क्लबला मराठीत काय म्हणाल?

इटालियन फुटबॉलबद्दल वाचताना हा शब्द सारखा समोर येतो, प्रोविंचाले. डिक्शनरीत 'प्रांतिक' दिलंय, ते वाचून मला तरी ब्रिटिशांच्या काळातलं प्रांतिक कायदेमंडळच आठवलं. छोटा क्लब, गरीब क्लब की गावाकडचा क्लब, नक्की काय? मला सिरी आ वर, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगवर, एक लेख लिहायचाय म्हणून विचारतोय.

*

इटलीत प्रोविंचा म्हणजे साधारण आपला जिल्हा, त्याच्या वर रेजिओने, म्हणजे साधारण आपलं राज्य. म्हणजे शब्दशः जिल्ह्याचा क्लब. पण मिलान आणि तोरिनो हीसुद्धा वर्षानुवर्षं जिल्ह्याची ठिकाणंच होती की, तरी तोरिनोच्या युव्हेंटसला कोणी प्रोविंचाले म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. त्यामुळे शासकीय अर्थ बाजूला ठेवा. ज्याच्याकडून वरच्या चारात येण्याची कोणी अपेक्षाच ठेवत नाही असा क्लब, हा खरा अर्थ.

हेलास वेरोना घ्या. १९८५ ला लीग जिंकले, कोच बान्योली. त्या सीझनला युव्हेंटसविरुद्ध त्यांच्या एल्केअरचा बूट निघून पडला आणि पठ्ठ्याने नुसत्या मोज्यावर गोल मारला. महायुद्धानंतर रेजिओनेची राजधानी नसलेल्या शहराने जिंकलेली ती एकमेव लीग. आणि हो, त्या वर्षी रेफरी चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, नंतर ती पद्धत बंद झाली. म्हणजे मोठ्यांना सोयीचा रेफरी मिळायची सोयच नव्हती, असं इटालियन लोक बोलतात.

*

'मोफसल', म्हणजे मुख्य शहराबाहेरचा मुलूख, कसा वाटतो? जुन्या पेपरांत असायचा. त्यात तो वरून खाली बघणारा सूर पण येतो.

*

सूर बरोबर आहे पण आजच्या किती पोरांना मोफसल कळेल? तळटीप द्यावी लागणार.

*

काहीही वापरा, फक्त 'गरीब क्लब' नको, कारण तिथेच सगळी गल्लत होते. कोमो बघा. तलावाकाठचं छोटं शहर, क्लब २०१९ ला सिरी डी मधे, म्हणजे चौथ्या पायरीवर होता, मग इंडोनेशियाच्या हार्तोनो बंधूंच्या कंपनीने घेतला आणि २०२४ ला सिरी आ मधे. मालकाच्या श्रीमंतीत अख्ख्या लीगमधे त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि शहर बघाल तर पक्कं प्रोविंचाले. सास्सुओलोचं तसंच, चाळीसेक हजार वस्तीचं गाव, मागे मापेईसारखी मोठी कंपनी, आणि होम मॅच खेळायला जायचं रेज्जो एमिलियाला.

खरी दरी कळायची असेल तर अजून एक शब्द घ्या, बाचीनो दुतेन्सा. दवाखाना, शाळा, बससेवा यांच्यासाठी वापरतात, म्हणजे अमुक सोयीचा फायदा घेणारी लोकवस्ती. मला याला धरणाचं 'लाभक्षेत्र' हा आपला शब्द चपखल वाटतो. हा शब्द फुटबॉलच्या पैशात कसा शिरला बघा. १९९९ पासून प्रत्येक क्लब आपापले टीव्ही हक्क विकायचा, साहजिकच मोठ्यांनी मलई खाल्ली. मग २००८ चा मेलांद्री कायदा आला आणि २०१०-११ पासून हक्क एकत्र विकायला लागले. वाटप कसं, तर ४० टक्के सगळ्यांना सारखे, ३० टक्के निकालांवर आणि ३० टक्के या लाभक्षेत्रावर, त्यातले २५ पाठीराख्यांच्या संख्येवर आणि ५ शहराच्या लोकसंख्येवर. वर निकालांच्या ३० मधले १० कशाचे माहितीये? १९४६ पासूनच्या इतिहासाचे! म्हणजे आजोबा जिंकले म्हणून नातवाला पैसे. आता सारखा वाटा ५० टक्के झालाय, पण २००२ ते २०२२ युव्हेंटस, मिलान, इंटर सोडून एकाही क्लबने लीग जिंकली नाही ते उगाच नाही.

*

+१. आणि त्या तिघांच्या डोक्यात काय चालतं तेही बाहेर आलंच की. २०२० मधे युव्हेंटसचे तेव्हाचे अध्यक्ष आंद्रेआ अन्येल्ली म्हणाले होते की आंतरराष्ट्रीय इतिहास नसलेला अटालांटा एका चांगल्या सीझनवर थेट चॅम्पियन्स लीगमधे येतो, हे योग्य आहे का. पुढच्याच वर्षी ते सुपर लीगच्या, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांनी आपली वेगळी लीग काढायच्या भानगडीत, सोबत इंटर आणि मिलान. अटालांटाला तर इटलीत 'प्रोविंचालेंची राणी'च म्हणतात. राणीने २०२४ ला लेव्हरकुझेनला ३-० धुऊन युरोपा लीग आणली, तिन्ही गोल लुकमनचे.

लाझिओ क्लबचे मालक लोतितो यांचा फोन विसरलात का? २०१५ ला पेपरात छापून आला होता, सूर असा की कार्पी, फ्रोसिनोने वर आले तर टीव्हीचे हक्क घेणार कोण. दोघंही त्याच वर्षी वर आले, नि पुढच्या वर्षी खाली. कार्पीचं स्वतःचं स्टेडियम सिरी आ च्या नियमांत बसेना म्हणून मोदेनाला खेळायचे बिचारे.

*

वेरोनाचा विषय निघालाय तर 'मुस्सी' पण नोंदवून ठेवा. तिकडच्या बोलीत मुस्सो म्हणजे गाढव, मुस्सी म्हणजे गाढवं. क्येवो हे वेरोनाचंच उपनगर, हेलासवाले त्यांना चिडवायचे की गाढवं उडतील तेव्हा सिरी आ मधे आपली डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची मॅच होईल. २००१ ला क्येवो वर आलं, डर्बी झाली, त्या सीझनला क्येवो पाचवं आणि हेलास रेलिगेट, थेट खालच्या लीगमधे! तेव्हापासून क्येवो म्हणजे उडती गाढवं. पण २०२१ ला टॅक्सच्या थकबाकीत अडकून क्लब लीगबाहेर गेला.

*

धन्यवाद सगळ्यांना. लेखात पहिल्यांदा प्रोविंचाले लिहून पुढे 'जिल्ह्याचा क्लब' करतो. लाभक्षेत्र उचलतोय. जाता जाता, साल्वेत्साला काय? टेबलमधे खालच्या तिघांत न जाणं.

*

चर्चमधे साल्वेत्सा म्हणजे मोक्ष, पण तुम्ही आपलं 'वाचणं' लिहा. चाळीस पॉइंट झाले की वाचलो असं तिथे म्हणायची पद्धत आहे, प्रत्यक्षात सालेर्नितानाची टीम २०२२ ला ३१ वर वाचली.