अमेरिकेत माणूस बेपत्ता झाला तर तक्रार कोणत्या पोलिसांकडे, आणि एफबीआय कधी येते?

ओसरी
न्यू जर्सीतल्या मंडळाच्या मदतगटासाठी टिपण तयार करतो आहोत. आईवडील भारतात, मुलगा किंवा मुलगी इथे, आणि संपर्क तुटला, तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं, असा विषय आहे. नमुन्यादाखल एक प्रसंग धरलाय: २४ वर्षांचा विद्यार्थी, एफ-१ व्हिसा, खोली एडिसनमध्ये, विद्यापीठ न्यू ब्रन्सविकला, आणि गाडी सापडली ती डेलावेअर वॉटर गॅपला, नदीच्या पेनसिल्व्हेनियाकडच्या पार्किंगमध्ये.

हद्द नक्की कोणाची? '२४ तास थांबा' हे खरं की सिनेमातलं? भारतातले नातेवाईक पहिल्या तासातच 'एफबीआयला सांगा' म्हणतात, तर केस तिकडे वर्ग करून घेता येते का? आणि भारतातल्या पोलिस ठाण्यात मिसिंग दाखल करून काही उपयोग होतो का? जाणकारांनी लिहावं.

तिठा
हद्दीपासून सुरुवात करू, कारण पहिला दिवस तिथेच वाया जातो. अमेरिकेत सुमारे १८,००० वेगवेगळ्या पोलिस यंत्रणा आहेत. गावाची, काउंटीची (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाची), राज्याची, विद्यापीठाची, उद्यानाची. आपल्याकडे ठाणं, उपायुक्त, आयुक्त, महासंचालक अशी एक उतरंड असते. तशी इथे नाही. एडिसनचे पोलिस राज्य पोलिसांच्या हाताखाली नाहीत आणि राज्य पोलिस एफबीआयच्या हाताखाली नाहीत. त्यामुळे 'वरून फोन' हा प्रकार इथे चालत नाही.

तुमच्या प्रसंगात तक्रार एडिसन पोलिसांकडे, म्हणजे तो राहत होता तिथे. न्यू जर्सीत २००८ पासून 'पॅट्रिशियाज लॉ' आहे. त्याप्रमाणे बेपत्ताची तक्रार विनाविलंब घ्यावीच लागते. माणूस सज्ञान आहे, घातपाताची चिन्हं नाहीत, फार वेळ झालेला नाही, तक्रारदार नातेवाईक नाही, किंवा तो आमच्या हद्दीत असल्याचं दिसत नाही, यांपैकी कुठल्याही कारणाने नाकारता येत नाही. रूममेटनेही दिलेली चालते. '२४ तास थांबा' असं म्हणायला कायद्यात जागाच नाही. कॅलिफोर्नियातही तसंच: कोणत्याही यंत्रणेने तक्रार घ्यायची, फोनवरूनसुद्धा, आणि माणूस दुसऱ्या हद्दीत राहणारा असेल तर प्रत २४ तासांच्या आत तिकडे पाठवायची.

तक्रार घेतली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. खरी नोंद एनसीआयसीत होते, म्हणजे एफबीआय चालवते त्या देशव्यापी संगणकात. ती नोंद असेल तर ओहायोच्या महामार्गावर कुणी शिपायाने त्याचं नाव टाकलं तरी पडद्यावर 'बेपत्ता' दिसतं. २१ वर्षांखालच्यांची नोंद दोन तासांत करणं संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. तुमचा मुलगा २४ चा, म्हणजे तो या सक्तीबाहेर. म्हणून विचारून घ्या: नोंद झाली का, कोणत्या वर्गात, आणि तिचा क्रमांक काय. हा क्रमांक इंग्रजी 'एम' अक्षराने सुरू होतो. पोलिसांचा केस नंबर वेगळा. दोन्ही लिहून ठेवा.

वर्ग महत्त्वाचा. सज्ञान माणसासाठी 'जिवाला धोका', 'स्वेच्छेने गेलेला नाही', 'अपंगत्व किंवा आजार' आणि शेवटी 'इतर' असे पर्याय असतात. 'इतर'मध्ये टाकलं तर काम संथ चालतं. वरचे वर्ग द्यायला पोलिसांना लेखी आधार लागतो, म्हणून त्याच दिवशी सहीचं पत्र ईमेलने द्या: औषधं कोणती चालू आहेत, ती खोलीवरच राहिलीत का, निराशेचे मेसेज, धमक्या, न वटवलेला पगार, चुकलेली परीक्षा. 'तो असा नाहीच हो' याने वर्ग बदलत नाही, 'इन्सुलिन फ्रिजमध्ये पडून आहे' याने बदलतो.

आता एफबीआय. केस वर्ग होत नाही. एफबीआय येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. एक, संघराज्याचा गुन्हा दिसला पाहिजे. अपहरण करून राज्याबाहेर नेणं हा १९३२ पासून तसा गुन्हा आहे. त्यातला २४ तासांचा मुद्दा लोक उलटा समजतात. पळवलेल्या माणसाला २४ तासांत सोडलं नाही तर त्याला राज्याबाहेर नेलं असं कायदा गृहीत धरतो, एवढाच त्याचा अर्थ. त्याआधी एफबीआयने तपास करू नये असं नाही. दोन, जागाच संघराज्याची असेल: लष्करी तळ, काही राष्ट्रीय उद्यानं, आदिवासी राखीव प्रदेश. तीन, स्थानिक पोलिसांनी मदत मागितली. तिसरी वाट सर्वांत जास्त वापरात आहे. त्यात फोनचं विश्लेषण, दुसऱ्या राज्यातल्या चौकश्या, परदेशी संपर्क ही कामं एफबीआय करते, पण केस एडिसनचीच राहते. १२ किंवा त्याहून कमी वयाचं मूल गूढरीत्या नाहीसं झालं तर मात्र खंडणी किंवा राज्य ओलांडल्याचा पुरावा नसतानाही एफबीआय उतरते.

म्हणून डिटेक्टिव्हला 'एफबीआयला का बोलवत नाही?' असं विचारू नका. 'नेवार्कच्या एफबीआय कार्यालयाकडे सहाय्याची विनंती केली का, आणि कशासाठी?' असं विचारा.

रानवाट
तिठाशी सहमत. गाडीच्या जागेबद्दल थोडी भर.

डेलावेअर वॉटर गॅप दोन राज्यांत पसरलंय आणि नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहे. तिथे शोध सुरू करतात ते पार्कचे रेंजर. प्रकरण गंभीर दिसलं तर पार्क सर्व्हिसची स्वतःची तपास शाखा आहे, तिचे एजंट येतात. म्हणजे एफबीआयच्या आधीच एक संघराज्य यंत्रणा हजर. पेनसिल्व्हेनियाच्या कितीतरी टाउनशिपना स्वतःचे पोलिसच नाहीत, तिथे राज्य पोलिस काम बघतात. तेव्हा एडिसनचा केस नंबर पार्कच्या डिस्पॅचला (नियंत्रण कक्षाला) आणि राज्य पोलिसांच्या जवळच्या बराकीला (ठाण्याला), दोन्हीकडे द्यायला डिटेक्टिव्हला सांगा. न्यू जर्सीतून ९११ लावलंत तर तो न्यू जर्सीच्याच केंद्रात लागतो आणि भारतातून ९११ लागतच नाही. त्या त्या ठिकाणचे दहा आकडी नंबर टिपणात आधीच घालून ठेवा.

गाडीला हात लावू नका, दुसऱ्या किल्लीने उघडू नका. सीट किती मागे सरकवलंय, आरसा कोणत्या उंचीच्या माणसासाठी वळवलाय, पार्किंगची पावती, यावरून शेवटी कोण चालवत होतं ते कळतं. गाडीचा नंबर आणि व्हीआयएन (गाडीवर कोरलेला ओळख क्रमांक) बेपत्ताच्या नोंदीला जोडले आहेत ना ते बघा. नाहीतर रेंजरला ती नुसती जास्त वेळ उभी असलेली गाडी दिसते आणि ती उचलून नेली जाते.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यांत गल्लत नको. योसेमिटी नॅशनल पार्कात पूर्ण अधिकार संघराज्याचा. पण नॅशनल फॉरेस्टमध्ये हरवलेल्या माणसाचा शोध साधारणपणे काउंटीचा शेरीफच घेतो. गॅबी पेटिटो या बेपत्ता तरुणीचं २०२१ चं प्रकरण या गुंत्याचं ठळक उदाहरण. तक्रार न्यूयॉर्कच्या सफोक काउंटीत ११ सप्टेंबरला झाली, ती राहत होती फ्लोरिडाच्या नॉर्थ पोर्टमध्ये, आणि १९ सप्टेंबरला मृतदेह मिळाला वायोमिंगच्या ब्रिजर-टीटन नॅशनल फॉरेस्टमध्ये. तीन राज्यं आणि शेवटी संघराज्याची जमीन, म्हणून एफबीआय पुढे आली. तिच्या जोडीदारावर पहिलं संघराज्य वॉरंट निघालं तेही खुनाचं नव्हे, डेबिट कार्डाच्या बेकायदा वापराचं होतं.

पागोळी
आपल्या लोकांच्या बाबतीत नोंद चुकते ती दोन ठिकाणी, आणि दोन्ही चुका क्षुल्लक वाटतात.

तारीख: ०५/०८ आपण ५ ऑगस्ट म्हणून लिहितो, ते ८ मे वाचतात. संगणकात चुकीची जन्मतारीख गेली की नाव टाकूनही माणूस सापडत नाही. महिना अक्षरांत लिहा. नाव: पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असतं, विद्यापीठाने ते गाळलेलं असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव म्हणून आलेलं असतं. तिन्ही रूपं द्या आणि पर्यायी नावांत टाकायला सांगा. उंची फूट-इंचांत, वजन पौंडांत. फोटो चष्म्यासह आणि चष्म्याविना.

एफ-१ व्हिसा घेताना दहाही बोटांचे ठसे दिलेले असतात. ते होमलँड सिक्युरिटीच्या साठ्यात आहेत, एफबीआयच्या गुन्हेगारी साठ्यात नाहीत. अनोळखी रुग्ण किंवा मृतदेह असेल तर मेडिकल एक्झामिनरने (मृत्यूची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) त्या साठ्यातही शोध घ्यावा, असं स्पष्ट सांगायला हवं. आणि पोलिस बघतील म्हणून थांबू नका, आसपासच्या काउंटींच्या तुरुंगांच्या याद्या ऑनलाइन असतात, त्या चाळा. इमिग्रेशन कोठडीसाठी आयसीई या इमिग्रेशन यंत्रणेचा वेगळा ऑनलाइन लोकेटर आहे, त्यात नाव आणि जन्मदेश टाकावा लागतो. भारतीय नागरिकाला अटक झाली तर वकिलातीला आपोआप कळवलं जात नाही, त्याने स्वतः मागणी केली तरच कळवतात.

फोन: सारखे फोन लावून त्याची बॅटरी संपवू नका. जिवाला धोका असेल तर मोबाइल कंपनी वॉरंटशिवाय पोलिसांना लोकेशन देऊ शकते. संघराज्याच्या कायद्यात 'देऊ शकते' आहे, 'दिलंच पाहिजे' नाही. अनेक राज्यांनी ते सक्तीचं केलंय. मागायचं पोलिसांनी, घरच्यांनी नव्हे. धोक्याचं ते पत्र इथेही कामाला येतं. फॅमिली प्लॅन ज्याच्या नावावर आहे त्याला कॉलची यादी स्वतः काढता येते, ती आधी काढून ठेवा. बिल थकू देऊ नका आणि त्याच्या खात्यांचे पासवर्ड अंदाजाने टाकू नका, खातं लॉक झालं की पोलिसांचंही काम वाढतं. भारतात घेतलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर त्याचे व्यवहार भारतातल्या बँकेकडे असतात. वडील सहखातेदार असतील तर शेवटची खरेदी कोणत्या गावात झाली ते त्यांना कळू शकतं.

ओसरी
फार उपयोगी. विद्यापीठाचं काय? आणि पुढे महिना गेला तर?

तिठा
विद्यार्थी कॅम्पसवरच्या वसतिगृहात राहत असेल तर २००८ च्या कायद्याने विद्यापीठावर जबाबदारी येते: तो बेपत्ता असल्याचं ठरल्यापासून २४ तासांत त्याने नोंदवलेल्या संपर्काला आणि स्थानिक पोलिसांना कळवायचं. तुमचा मुलगा बाहेर राहतो, त्याला हे लागू नाही. तरी आणीबाणीत विद्यापीठाला पोलिसांना माहिती देता येते, खासगीपणाचा कायदा आड येत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयालाही पोलिसांचा केस नंबर द्या. नाहीतर तो वर्गात येत नाही एवढंच त्यांना दिसतं आणि सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली नोंद बंद होते. तो परत आल्यावर हा गुंता सोडवायला वकील लागतो.

महिन्यानंतर: न्यू जर्सीत ३० दिवस झाले की पोलिसांनी डीएनए आणि दातांच्या नोंदी मिळवायच्या असतात. शक्यतो आई आणि वडील दोघांचाही नमुना हवा, नंतर सख्खी भावंडं. तो पोलिसांमार्फतच गेला पाहिजे, घरबसल्या केलेल्या वंशावळ-चाचणीचा अहवाल एफबीआयच्या कोडिस साठ्यात चालत नाही. भारतातल्या दंतवैद्याकडून डिजिटल एक्स-रे मात्र आजच मागवून ठेवा. नेमअस नावाची न्याय खात्याची यादी आहे, तीत घरच्यांनाही नोंद करता येते, पोलिसांकडून खातरजमा झाली की ती दिसायला लागते. एनसीआयसी सामान्यांना बघता येत नाही, ही येते.

काजवा_१२
भारताच्या बाजूचं लिहितो.

इथल्या, म्हणजे भारतातल्या, ठाण्यात मिसिंग दाखल करता येतं, पण इथले पोलिस अमेरिकेत जाऊन तपास करू शकत नाहीत. शून्य क्रमांकाचा एफआयआर दखलपात्र गुन्ह्यासाठी असतो. नुसतं बेपत्ता होणं हा गुन्हा नाही, त्यामुळे त्यासाठी हट्ट धरून वेळ घालवू नका. भारतात उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर नोंद आणि न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाला ईमेल, दोन्हींत एडिसनचा केस नंबर आणि डिटेक्टिव्हचं नाव. दूतावास तपास करत नाही, पाठपुरावा करतो. इंटरपोलची पिवळी नोटीस बेपत्तांसाठी असते. ती पोलिस यंत्रणांमार्फतच निघते, भारतात हे काम सीबीआयकडे. पण माणूस अमेरिकेतच आहे असं वाटत असेल तर तिने फारसं काही साधत नाही. भारत-अमेरिका परस्पर कायदेशीर सहाय्य करार २००५ पासून लागू आहे, तो गुन्ह्याचा पुरावा मागण्यासाठी आहे आणि त्या वाटेने कागद यायला महिने जातात.

आईवडिलांना व्हिसा लागत असेल तर आधी नेहमीच्या मुलाखतीची तारीख घ्यावी लागते आणि मग तातडीची विनंती. सोबत पोलिसांचं पत्र हवं.

खंडणीचा फोन आला तर चित्र पालटतं. देशाबाहेर फोन करून खंडणी मागणं हा थेट संघराज्याचा गुन्हा आहे, तेव्हा एडिसन आणि एफबीआय दोघांनाही लगेच कळवा. पैसे पाठवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये युटाच्या रिव्हरडेल शहरातून एक चिनी विद्यार्थी असाच 'पळवला' गेला होता. भामट्यांनी त्याला धमकावून स्वतःहून डोंगरात तंबू ठोकायला लावलं आणि तिकडे आईवडिलांकडून सुमारे ८०,००० डॉलर उकळले. पोलिसांना तो जिवंत सापडला.

अवांतर: सोशल मीडियावर घरच्यांचा नंबर टाकला की भामट्यांचे फोन सुरू होतात. पत्रकावर फक्त पोलिसांचा नंबर आणि केस नंबर टाका.

पागोळी
टिपणात एक गोष्ट आईवडिलांसाठी आधीच लिहून ठेवा, नंतर सांगणं अवघड जातं. सज्ञान माणूस सुखरूप सापडला आणि 'घरी सांगू नका' म्हणाला, तर पोलिस एवढंच कळवतात की तो भेटला, ठीक आहे. पत्ता देत नाहीत. एनसीआयसीतली नोंद काढतात आणि केस बंद होते. त्यावर दूतावासाकडे किंवा एफबीआयकडे दाद मागून पत्ता मिळत नाही. पण डिटेक्टिव्हमार्फत एक निरोप किंवा चिठ्ठी पोचवायची विनंती करता येते.