केव्हीएम: रात्री एक आभासी यंत्र आपोआप बंद पडते

निपाणीकर: आमच्या तंबाखूच्या वखारीतील १६ जीबी रॅमच्या सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्स) असून, त्यावर केव्हीएमची (एकाच संगणकात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सोयीची) प्रत्येकी ६ जीबीची तीन आभासी यंत्रे चालतात. रात्री बॅकअप सुरू झाला की त्यांतले एक, बहुधा हिशेबाचेच, मुकाट्याने बंद पडते. दोष केव्हीएमचा असावा का?

बेळगावकर: केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलचाच (प्रणालीच्या गाभ्याचाच) भाग आहे, त्याला इतक्यात दोष देऊ नये. सहा त्रिक अठरा जीबी झाले, यजमानाचा (मूळ सर्व्हरचा) वाटा वेगळाच. मेमरी संपली की कर्नल सहसा सर्वांत मोठी प्रक्रिया, म्हणजे एखादे क्यूईएमयू (आभासी यंत्र चालवणारा प्रोग्राम), मारतो. ‘जर्नलसीटीएल -के’ या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधावे.

निपाणीकर: ती ओळ रात्री २ वाजून १३ मिनिटांचीच सापडली. आता प्रत्येकी ४ जीबी दिले आहेत.

खानापूरकर: आमच्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते, म्हणून एक पुरवणी. यूपीएस यूएसबीने जोडून ‘नट’ (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) बसवावे आणि ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’मध्ये (यजमान बंद होताना यंत्रांचे काय करायचे ते पाहणाऱ्या सेवेमध्ये) ‘ऑन_शटडाउन’ला ‘शटडाउन’ हे मूल्य द्यावे, म्हणजे बॅटरी संपण्यापूर्वी यंत्रे रीतसर बंद होतील. डिस्कची कॅशे ‘अनसेफ’ (लिहिलेले डिस्कवर खरेच पोचल्याची खात्री न करणारी) मात्र कधीही ठेवू नये. मी वेगाच्या मोहाने ठेवली होती आणि एक अख्खा डेटाबेस गमावला.